कार्ड आलं का?

इंदूरमध्ये घर भाड्याने देताना मालक सहसा दोन गोष्टी विचारतात: कांदा-लसूण खाता का, आणि पाहुणे किती येतात. राजेंद्र नगरातल्या या काकांनी मला एकच गोष्ट विचारली. "डीमॅट खातं आहे का?"

मी रुबाबात "आहे" म्हणालो. वाटलं, भाडेकरू म्हणून आपलं वजन वाढलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, आतल्या दिशेने मान वळवली आणि काकूंना म्हणाले, "ऐकलं का, यांच्याकडून भाडं एक तारखेलाच घ्यायचं. पाच तारखेपर्यंत यांच्याकडे राहील की नाही, सांगता येत नाही."

पुढची पाच वर्षं मी आणि बायको त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलो, आणि भाडं एक तारखेलाच देत होतो. काकांचा अंदाज माझ्या बाबतीत किती बरोबर होता, हे कळायला मला पाच महिनेही लागले नाहीत.

मी भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये गणित शिकवतो. त्यातही माझी खासियत संभाव्यता. थैलीत लाल-काळे चेंडू किती, त्यातून लाल निघण्याची शक्यता किती, हे मी झोपेत सांगू शकतो. त्याच मी कोचिंगच्या स्टाफरूममध्ये बसून शेअरबाजारात ऑप्शनचे, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर पैज लावायचे, सौदे केले आणि पहिल्या आठवड्यात नफा कमावला. बाजारात माणसाला होणारा सगळ्यांत वाईट अपघात म्हणजे पहिल्याच सौद्यातला नफा. मी सगळ्या स्टाफला कचोऱ्या खाऊ घातल्या, घरात मिक्सर आणला, आणि नोकरी सोडल्यावर कुठे कुठे फिरायला जायचं त्याची यादी केली. दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर एक उदाहरण सोडवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात मिक्सरही गेला, कचोऱ्याही गेल्या आणि वर दोन पगार गेले. मिक्सर घरात होता, पण त्याचा आवाज ऐकला की मी उठून गच्चीवर जायचो.

काकांना हे कसं कळलं, मला माहीत नाही. जिना चढता चढता त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "मास्तर, शिकवायची फी फार घेतो हा बाजार. पण डिग्री देत नाही." त्या दिवसापासून ते मला 'तुम्ही'वरून 'तू'वर आणू लागले. माझं नुकसान झालं तेव्हा आमची मैत्री झाली.

काका टपाल खात्यात सॉर्टिंगला होते. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं गावागावांच्या थैल्यांत टाकली. निवृत्तीनंतर स्वतःला पत्रं लिहायला लागले. गंमत म्हणून म्हणत नाही. कुठलाही शेअर घ्यायचा मनात आला की काका पोस्टकार्ड काढत आणि स्वतःच्याच पत्त्यावर लिहीत. मायना असा: "प्रिय महाशयांस साष्टांग नमस्कार. आपणांस अमुक कंपनीचा शेअर घ्यावासा वाटत आहे, त्याची कारणे येणेप्रमाणे." मग कारणं. कंपनी काय बनवते, कोण विकत घेतं, कर्ज किती आहे, चालवणारी माणसं कशी आहेत. शेवटी, "कळावे, लोभ असावा." मग सायकलवरून जाऊन ते कार्ड कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायचे आणि वाट बघायची.

राजेंद्र नगरातून राजेंद्र नगरात यायला कार्ड कधी चार दिवस घेई, कधी आठ. मध्ये ते कुठे कुठे फिरे, कुणास ठाऊक. कार्ड हातात पडलं की काका ते परक्याचं पत्र वाचावं तसं वाचत. पटलं तर घेत. नाही पटलं तर दुधाचा हिशोब त्याच कार्डाच्या कोऱ्या जागेवर लिहीत.

"डोक्यात आलेली गोष्ट गरम असते रे," ते म्हणत. "गरम गरम फक्त जलेबी खायची. शेअर थंड करून घ्यायचा. आपल्याकडे तर सरकारी फ्रीज आहे, पन्नास पैशांत!"

मी म्हणालो, मग घरीच डायरीत लिहून चार दिवस थांबलं तर? तर म्हणाले, डायरी बंद असते. पाकीटही बंद असतं. कार्ड उघडं असतं, वाटेत कोणीही वाचतं. "जे कारण पोस्टमनने वाचलं तर तुला लाज वाटेल, ते कारण नाहीच. सीधी बात आहे."

घेण्याचं जसं कार्ड, तसं विकण्याचंही कार्ड. लॉकडाऊन लागला आणि बाजार विहिरीत दगड टाकावा तसा गेला, तेव्हा काकाही घाबरले. कबूल करताना त्यांना कमीपणा वाटत नसे. त्यांनी सगळं विकायचं कार्ड लिहिलं आणि टाकलं. पण टपालच अडकलेलं होतं. कार्ड आलं तोवर बाजार सावरायला लागला होता आणि आपलंच हस्ताक्षर काकांना ओळखू येईना. कॉलनीतले लोक नंतर त्यांना "क्या दिमाग है काकाजी का" म्हणायचे, तेव्हा काका हात जोडून सांगत, "दिमाग नाही भिया, पोस्ट बंद होतं."

उलटही झालं. एकदा एका चांगल्या कंपनीचं कार्ड लिहिताना काका पिनकोड टाकायला विसरले. आयुष्यभर लोकांचे पिनकोड बघितलेला माणूस! राजेंद्र नगरं या देशात पुष्कळ आहेत. ते कार्ड कुठल्याशा दुसऱ्याच राजेंद्र नगराची हवा खाऊन दोन महिन्यांनी परत आलं, तोवर शेअर दुप्पट झाला होता. काकू अजून म्हणतात, माझा बंगला टपालाच्या थैलीत गेला. काका म्हणत, अगं, पण झोप तर घरातच आहे ना.

या काकू म्हणजे दुसरी परीक्षा. कार्ड आल्यावर ती कंपनी काय करते हे काकूंना समजावून सांगायचं, असा नियम होता. काकू मेथी निवडत असतील तर उत्तम. मी एकदा मोठ्या उत्साहाने एक कंपनी घेऊन गेलो आणि म्हणालो, काकू, ही डिजिटल सोल्यूशन्स देते.

"कोणाला?"

"मोठमोठ्या कंपन्यांना."

"का? त्यांना काय झालं?"

मला माहीत नव्हतं. मी मोबाइलमध्ये शोधू लागलो. काकूंनी मेथीची एक जुडी माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाल्या, सापडेपर्यंत ही निवडा. जुडी संपली, कंपनीला काय झालं ते सापडलं नाही.

बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो. त्या वेळी काका मोबाइल देवघरात ठेवून पोहे खायला बाहेर पडत. वर सेव, जीरावण मसाला, बाजूला जलेबी, आणि पोहेवाल्याशी तासभर गप्पा. शेअरचे भाव ते फक्त शनिवारी बघत. शनिवारी बाजार बंद असतो, असं मी त्यांना एकदा फार हुशारीने सांगितलं. "म्हणूनच बघतो," ते म्हणाले. "काही करताच येत नाही, तेव्हा माणूस नीट बघतो."

त्यांच्या बैठकीत देवांच्या फोटोंशेजारी एक फ्रेम होती. आत पिवळं पडलेलं शेअर सर्टिफिकेट. काकांचे वडील इथल्या एका कापड मिलमध्ये क्लार्क होते, आणि त्यांनी सगळी पुंजी त्याच मिलच्या शेअर्समध्ये घातली होती. कारण काय, तर जिच्या भोंग्यावर अख्खी वस्ती घड्याळं लावते ती मिल बंद कशी पडेल? मिल बंद पडली. घड्याळं चालत राहिली. काका रोज उदबत्ती ओवाळताना शेवटचा एक फेरा त्या फ्रेमभोवती देत. नवीन माणसाने विचारलं की सांगत, "हे आमचे गुरुजी."

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

तोवर मी पुष्कळ सुधारलो होतो. म्हणजे ऑप्शन सोडले होते आणि महिन्याला थोडे पैसे इंडेक्स फंडात टाकत होतो. काका त्याला 'वरण-भात' म्हणत: चव नाही, पण कोणी आजारी पडत नाही. बायको शाळेच्या ऑफिसात नोकरी करत होती. दोघांच्या बचतीतून आम्ही शहराबाहेर राऊला एक फ्लॅट बघितला. दोन खोल्या, छोटासा हॉल, आणि स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. त्या खिडकीवर बायकोचा जीव जडला होता. अजून भिंतीला प्लास्टर नव्हतं, पण तिने दुपट्टा धरून पडद्याचं माप घेतलं होतं. बिल्डरला मोठी रक्कम देवउठनी ग्यारसला, म्हणजे कार्तिकी एकादशीला, द्यायची होती. पैसे बँकेत तयार होते. ग्यारस पाच आठवड्यांवर होती.

पाच आठवडे पैसे नुसते पडून राहणार, ही कल्पना संभाव्यता शिकवणाऱ्या माणसाला सहन होईना. त्यात आमच्या कोचिंगचे फिजिक्सवाले सर रोज डबा उघडता उघडता एका छोट्या कंपनीचा भाव सांगायचे. सोलरचं काहीतरी करत होती. रोज भाव वर. आज पाच टक्के, उद्या पाच टक्के. फिजिक्सवाल्यांनी बायकोचे दागिने गहाण ठेवून तो शेअर घेतला होता, आणि मला म्हणत होते, "सोच क्या रहे हो सर, चार हफ़्ते में फ्लैट के साथ पार्किंग भी आ जाएगी।"

पार्किंग हा शब्द माझ्या डोक्यात शिरला. आमच्याकडे गाडी नव्हती, तरी.

मी काकांकडे गेलो. काका ओटल्यावर बसून सायकलच्या चेनला तेल देत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "या पैशाला तारीख आहे का?"

म्हटलं, आहे, ग्यारसची.

"मग तो बाजारात न्यायचा नाही. ज्या पैशाला तारीख आहे, त्याचं आणि बाजाराचं जमत नाही. बाजाराला तारखा समजत नाहीत." मग माझं तोंड बघून त्यांनी आतून एक कोरं कार्ड आणून दिलं. "मी सांगून तू ऐकणार नाहीस. टाक कार्ड."

मी तिथेच ओटल्यावर कार्ड लिहिलं आणि पेटीत टाकून आलो. त्या दिवशी शेअर पाच टक्के वर. दुसऱ्या दिवशी पाच टक्के वर. काका जिन्यात भेटले की विचारत, "कार्ड आलं का?" मी नाही म्हणालो की समाधानाने मान हलवत. तिसऱ्या दिवशी मी क्लास बुडवून पोस्टात गेलो आणि खिडकीवरच्या बाईंना विचारलं की माझं एक कार्ड आहे, मीच टाकलंय, मलाच यायचंय, तर इथूनच मिळेल का? त्या बाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग फार प्रेमाने विचारलं, घर में कोई और है?

पाचव्या दिवशी मी ते केलं.

दुसरं कार्ड आणलं. पहिल्यावर लिहिलेला मजकूर त्यावर जशाचा तसा लिहिला. कोचिंगमधून स्टॅम्प पॅड घरी आणलं. बायकोकडे काजळाची एक छोटी पितळी डबी होती, तिच्या आईची. तिचं झाकण शाईत बुडवून कार्डावर दाबलं. छान गोल उमटलं. खरं वाटावं म्हणून थोडं पुसटही केलं. कार्ड चुरगाळलं, उलगडलं, चपलेखाली एकदा दाबलं. संध्याकाळी काकांसमोर धरून म्हणालो, आलं काका.

ज्या माणसाने सगळी नोकरी शिक्के बघण्यात घालवली, त्याला मी काजळाच्या डबीचा शिक्का दाखवत होतो. गणितात मी या घटनेची संभाव्यता शून्य काढली असती.

काकांनी वार्षिक अहवाल वाचायचं भिंग काढलं. कार्ड पालथं केलं, सुलटं केलं, दिव्याखाली धरलं. चेहऱ्यावर काही नाही. शेवटी म्हणाले, "टपालाचा शिक्का काळा असतो. हा जांभळा आहे."

मी म्हटलं, शाई बदलली असेल.

"असेल. पण यात गाव नाही. तारीखही नाही." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मास्तर, हे कार्ड कुठूनच निघालेलं नाही रे."

ओरडले असते तर बरं झालं असतं. काकूंनी आतून विचारलं, काय झालं? काका म्हणाले, काही नाही, मास्तरांचं पत्र आलंय. मग त्यांनी ते कार्ड पोथीत ठेवावं तसं आपल्या फायलीत ठेवलं आणि मला आणखी एक कोरं कार्ड दिलं. म्हणाले, पैसे दोघांचे आहेत, तर हे सूनबाईच्या नावाने टाक. तुला जे कारण पटलंय तेच तिला लिही. तेवढं टाकलंस की मग मी कार्ड आलं का हेही विचारणार नाही, उद्या सकाळी खुशाल घे.

मी वर जाऊन लिहायला बसलो. "प्रिय" लिहिलं. पुढे, "राऊच्या घराचे पैसे मी एका कंपनीत घालत आहे, कारण". एवढं लिहून थांबलो. बायको समोरच पडद्याच्या कापडाला टीप घालत होती. मशीन थांबवून तिने विचारलं, काय लिहून राहिलात एवढं? मी म्हणालो, पेपर सेट करतोय. कारणापुढे मला एक अक्षर सुचलं नाही. दोन दिवस ते कार्ड शर्टाच्या खिशात होतं आणि तिसऱ्या दिवशी शर्टाबरोबर धुतलं गेलं.

त्याच दिवशी सकाळी पहिलं, खरं कार्ड आलं. मी फाटकापाशीच होतो. आमचे पोस्टमन इथलेच माळव्यातले, हिंदी बोलणारे, पण काकांची कार्डं पोहोचवता पोहोचवता त्यांना मराठी वाचता येऊ लागलं होतं. त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं आणि सायकलवर टांग टाकता टाकता थांबले.

"सर, बुरा मत मानना। काकाजी के कार्ड में लिखा रहता है कि कंपनी क्या बनाती है। आपने तो बस भाव लिखा है।"

मी कार्ड वाचलं. तीन ओळी होत्या. रोज वर जातो आहे. फिजिक्सवाल्या सरांनी घेतला आहे. चार आठवड्यांत पार्किंगही येईल. खाली माझी सही, पूर्ण नावासकट. हे कार्ड सात दिवस कुठल्या कुठल्या हातांतून गेलं असेल याची कल्पना करून माझे कान गरम झाले. मी शेअर घेतला नाही.

गंमत म्हणजे शेअर त्यानंतरही दहा दिवस वर गेला. फिजिक्सवाले सर रोज मला सांगायचे की आज तुझी बाल्कनी गेली, आज तुझं पार्किंग गेलं. मी काकांना मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही, कारण काका हे वाचणार आहेत. मग एके सकाळी तो पडला. रोज जेवढं पडायची परवानगी असते तेवढा पूर्ण पडायचा आणि विकायला रांग, घ्यायला एकही माणूस नाही. सरांना निघायचं होतं, पण दारच उघडत नव्हतं. त्यांच्या बायकोचे दागिने सोडवायला त्यांना दोन वर्षं लागली. आता ते वरण-भातावर आहेत.

मी धावत काकांकडे गेलो आणि म्हणालो, वाचलो, काका.

"वाचलास ते ठीक. पण एक लक्षात ठेव, तो पडला नसता तरी तू चूकच होतास."

मला ते तेव्हा कळलं नाही. मनात होतं, चढला असता तर बरोबर ठरलो असतो की. अलीकडे वर्गात पोरांना शिकवताना कळतं: उत्तर जुळलं म्हणून रीत बरोबर होत नाही. हे मी इतकी वर्षं लाल शाईने त्यांच्याच वह्यांवर लिहीत होतो.

ग्यारसला बिल्डरचे पैसे दिले. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही राऊला राहायला आलो. वास्तुशांतीला काका-काकू रिक्षाने आले. काकांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम होती. मला वाटलं, गणपती असेल. बायकोने सगळ्या पाहुण्यांसमोर कागद काढला.

आत माझं कार्ड होतं. ते जांभळ्या शिक्क्याचं.

पार्किंगसकट तिने तिन्ही ओळी वाचल्या, मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने. फिजिक्सवाले सर पुरी खाता खाता थांबले. तिचं लक्ष मग त्या शिक्क्याकडे गेलं. तिने फ्रेम डोळ्यांजवळ नेली. गेले कित्येक महिने ती डबीचं झाकण चिंच लावून घासत होती आणि मला विचारत होती की पितळेला जांभळा गंज चढतो का. मी, विज्ञान शाखेचा पदवीधर, हो म्हणालो होतो.

काका पुढे झाले. "सूनबाई, याच्यावर रागवायचं असेल तर आज नाही. कार्ड लिही, टाक, आल्यावर राग."

बायको फ्रेम टेबलावर ठेवून वळली. स्वयंपाकघरात गेली. पूर्वेच्या खिडकीला तिने शिवलेला पडदा लागला होता, तो तिने ओढून सरळ केला. बाहेर आली तेव्हा हातात हातोडी आणि खिळा होता. हॉलमधल्या माझ्या खुर्चीच्या बरोबर समोरची भिंत तिने निवडली, खिळा स्वतः ठोकला आणि फ्रेम टांगून दोन पावलं मागे जाऊन ती सरळ आहे का ते बघितलं.

"हे तुमचे गुरुजी," ती म्हणाली. "रोज उदबत्ती तुम्ही लावायची."

लावतो. बरोबर सव्वानऊला.

आणि रागाचं कार्ड तिने खरंच टाकलं होतं. राऊला टपाल लवकर येतं, तिसऱ्या दिवशी आलं. मजकूर एवढाच होता: "डबी नवीन आणावी. पण ही आईची होती, त्यामुळे नवीन आणू नये. आहे तीच राहू द्यावी. कळावे." शिक्का काळा होता, त्यात गाव होतं आणि तारीखही होती.